वयाचं किती, उन्हाचं किती

‘हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत!’ बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बाजारात सौद्यावरून बोलणं तापलं, की एखाद्या आजोबांच्या तोंडून हे वाक्य निघतं आणि समोरचा पोरगा निमूट होतो. पांढरा केस म्हणजे सोसलेल्या वर्षांची पावती. ऊन तर सगळ्यांच्याच डोक्यावर पडतं, त्यात मोठेपणा कसला, असा त्या बोलण्याचा भाव.

केसांपुरतं आजोबांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. केसाला रंग देणाऱ्या पेशी त्याच्या मुळाशी असतात. त्यांचा साठा संपत आला की केस पांढराच उगवतो. ऊन फार तर उगवलेला केस पिंगट करतं. उलट २०२० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या या-चिएह शू यांच्या गटानं उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की तीव्र ताण आला की मज्जातंतूंमधून सुटणारं रसायन हा रंगपेशींचा साठा अकाली संपवतं. सोसण्यानं केस पिकतात या समजुतीला प्रयोगशाळेतून मिळालेला हा चांगला दुजोरा आहे.

पण त्याच आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या, गालावरचे डाग आणि डोळ्यांत उतरलेला मोतीबिंदू यांचा हिशेब वेगळा आहे. त्यातलं बरंचसं उन्हाचं असतं आणि गावात ते सगळं वयाच्या खात्यावर मांडलं जातं. ‘आता वय झालं, दिसायचं कमीच’ हे वाक्य पन्नाशीही न गाठलेल्या बाईच्या तोंडी येतं, तेव्हा ही गल्लत किती महाग पडते ते कळतं.

माजलगाव १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं उत्तरेला आहे. मेच्या मध्यावर एका दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. सिंदफणेवरचं धरण आणि जायकवाडीचा कालवा यांमुळे तालुक्यात ऊस आला, तेलगावला साखर कारखाना उभा राहिला. तरी बीड जिल्ह्यातले लाखो लोक दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घ्यायची, उसाच्या फडाच्या कडेला झोपडीवजा कोपी घालायची आणि अंधार असतानाच तोडीला लागायचं. मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री-अपरात्री आली तरी भरून द्यायची. बाकीचे महिने गावाकडची शेती, नाहीतर रोजंदारी. अशा माणसाच्या डोळ्यांत आयुष्यभरात किती ऊन उतरतं, याचा विचार चष्म्याच्या दुकानात होत नाही.

डोळ्याच्या आत बाहुलीमागे एक भिंग असतं, मसुराच्या दाण्याच्या आकाराचं. त्याच्याबद्दलची एक गोष्ट थक्क करणारी आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी झिजतात, मरतात, नव्या येतात. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र आईच्या पोटात असताना जी घडली, तीच शेवटपर्यंत राहतात. कोपनहेगनच्या नील्स लिनरप यांनी २००८ मध्ये मृत माणसांच्या भिंगातला कार्बन मोजून त्यांचं जन्मवर्ष जवळपास अचूक सांगून दाखवलं. पुढे २०१६ मध्ये याच तऱ्हेनं ग्रीनलंडच्या शार्क माशांचं वय काढलं, तेव्हा सर्वांत मोठी मादी निदान २७२ वर्षांची निघाली. म्हणजे जन्मापासून जसाच्या तसा राहिलेला स्वतःचा कण माणसाला शोधायचाच असेल, तर तो या भिंगात सापडेल.

आणि सूर्याचा मार हेच भिंग खातं. अतिनील किरणांतला सर्वांत जहाल भाग डोळ्याचा पारदर्शक पुढचा पडदा अडवतो. उरलेल्यातला मोठा वाटा भिंग शोषतं, म्हणून मागचा नाजूक दृष्टिपटल वाचतो. पण या राखणदारीची किंमत भिंगाला मोजावी लागते. प्रथिनं हळूहळू बिघडतात, एकमेकांना चिकटतात, पिवळी पडतात. अंड्यातला बलकाभोवतीचा पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो, तसा काहीसा प्रकार, फक्त वर्षानुवर्षं मंद आचेवर चाललेला. त्यालाच मोतीबिंदू म्हणायचं. वय, मधुमेह, तंबाखू, स्टिरॉइडची औषधं हीही त्याची कारणं आहेत. सगळा दोष उन्हावर ढकलणं बरोबर नाही. पण उन्हाचा वाटा मोजला गेला आहे.

तो मोजला अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात. तिथल्या ८३८ मच्छीमारांचे डोळे ह्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत आयुष्यभरात किती अतिनील किरण गेले असतील याचा हिशेब मांडला. कोणत्या वयात किती तास पाण्यावर, टोपी होती की नव्हती, चष्मा होता का, हे सगळं विचारून. १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: किरणांची मात्रा दुप्पट झाली की भिंगाच्या कडेकडून सुरू होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. माजलगावच्या धरणात पहाटे जाळी ओढणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

याला जोडून जपानमधल्या कानाझावा इथं हिरोशी सासाकी यांनी केलेली मापणी सांगायला हवी, कारण ती आपल्या अनुमानाला धक्का देते. पुतळ्याच्या डोळ्यांत मापक बसवून त्यांनी दिवसभर नोंदी घेतल्या. भर दुपारी सूर्य माथ्यावर असताना भुवईचं हाड आणि पापणी डोळ्यावर छत धरतात. सूर्याकडे तोंड असेल तर डोळ्यांत जास्त किरण सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शिरतात, सूर्य तिरपा असताना. माजलगावात ‘उन्हं कलली’ म्हणून जी माणसं डोक्यावरचा टॉवेल काढून कामाला लागतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

डोक्यावर काय घालायचं, हाही साधा प्रश्न नाही. गांधी टोपी डोकं झाकते, पण तिला कड नाही, त्यामुळे डोळ्यावर सावली पडत नाही. घट्ट बांधलेल्या मुंडाशाचंही तसंच. बायका कपाळावरून पुढे ओढून घेतात तो पदर मात्र खरोखर छत धरतो, फक्त वाकून मोळी बांधताना तो मागे सरकतो. रुंद कडेची टोपी डोळ्यांत जाणारे किरण जवळपास निम्म्यानं कमी करते. गॉगलबद्दल एवढंच, की काच किती काळी यावर जाऊ नये. अतिनील किरण न अडवणारी काळी काच उलट घातक, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार मोकळं मिळतं. पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काचही हे किरण अडवते. शिवाय उसाच्या पात्याची धार बुबुळाला लागून जखम होते, तीत बुरशी शिरते आणि डोळ्यात फूल पडून नजर जाते. फडात अशा साध्या चष्म्याचा दुहेरी उपयोग आहे. उचल देताना कोयत्यासोबत एक चष्मा देणं कुणाला जड जाणार नाही.

त्वचेवरचं काम त्याच सूर्याचं, पण तिथली गोष्ट थोडक्यात आटोपते. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं. २८ वर्षं माल पोचवताना खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू उन्हात राहिलेली. तेवढ्याच बाजूला खोल सुरकुत्या, लोंबलेली कातडी. उजवी बाजू त्याच माणसाची, पण बरीच तरुण. खिडकीची काच एक प्रकारचे अतिनील किरण अडवते, दुसरे आत सोडते. हे दुसरेच कातडीच्या खोल थरात जाऊन तिची लवचिकता मोडतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपली उजवी बाजू. सावळ्या कातडीला रंगद्रव्याचं कवच असल्यानं सुरकुत्या उशिरा येतात, मात्र वांग आणि काळे डाग उठून दिसतात. रापलेल्या चेहऱ्यावरून वय ओळखायला जाणारा शहरी माणूस म्हणूनच हमखास चुकतो.

चाळिशी ही मात्र मुख्यतः वयाची. मराठीनं त्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं, इतकी ती ठरलेली. भिंग ताठर होतं, जवळची अक्षरं हातभर लांब धरावी लागतात, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते. तिच्यासोबत आणखी दोन बदल होतात, ज्यांना बोलीभाषेत नाव नाही. बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट. विशीतल्या डोळ्याच्या आत जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीतल्या डोळ्यात पोचतो. सुनेला लख्ख वाटणाऱ्या स्वयंपाकघरात सासू तांदळातले खडे शोधत चाचपडते, तेव्हा दोघी एकाच बल्बखाली असूनही एका उजेडात नसतात. घरात म्हातारं माणूस असेल तर एक दिवा जास्त लावणं ही उधळपट्टी नव्हे.

पिवळ्या भिंगातून निळा रंग सर्वांत आधी हरवतो. गडद निळं आणि काळं एकच दिसायला लागतं, निळं आणि हिरवं यांत घोटाळा होतो. हे इतकं हळूहळू घडतं, की माणसाला पत्ताच लागत नाही. फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांच्या म्हातारपणीच्या चित्रांत तांबडे-पिवळे रंग दाटत गेले, ते या कारणानं. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि जग एकाएकी फार निळं दिसू लागलं म्हणून ते वैतागले. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात नवं भिंग बसवायची सोय नव्हती, जाड काचांचा चष्मा लावावा लागे.

हा निळा रंग केवळ पाहण्यापुरता नाही. डोळ्यात काही पेशी अशा आहेत, ज्या चित्र दाखवत नाहीत, फक्त दिवस आहे की रात्र एवढं मेंदूला कळवतात. इग्नेशिओ प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाशग्राही प्रथिन सापडलं. पुढे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की दृष्टिपटलातल्या काही पेशी त्याच्या जोरावर स्वतःहून प्रकाशाला साद देतात. त्यांना सर्वांत जास्त जाग येते आकाशाच्या निळ्या उजेडानं. तो मिळाला की शरीराचं घड्याळ जुळतं, झोप वेळेवर येते, सकाळी तरतरी वाटते. पॅट्रिशिया टर्नर आणि मार्टिन मेनस्टर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, दहा वर्षांच्या मुलाच्या मानानं पंचेचाळिशीत या पेशींपर्यंत निम्माच उजेड पोचतो आणि पंचाहत्तरीत त्याहून कितीतरी कमी. अंधाऱ्या खोलीत खाटेवर दिवस काढणारी म्हातारी माणसं दुपारी पेंगतात आणि रात्री टक्क जागी असतात, त्याचं एक कारण इथं आहे. सकाळी कासराभर दिवस वर आला की त्यांची खाट ओसरीवर आणून ठेवणं, हा औषधाआधीचा इलाज.

रात्री पंपाची वीज आली म्हणून उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी आणि मध्यरात्री गाडी भरणारा तोडकरी यांचं हे घड्याळ रोज मोडतं, हेही या ओघात म्हटलं पाहिजे.

उजेड म्हणजे नुसता घातक, असं मात्र मुळीच नाही. लहान मुलांच्या डोळ्यांना तर तो हवाच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलेल्या मुलांचा गट आणि नेहमीच्या वेळापत्रकातला गट यांची तीन वर्षं तुलना झाली. २०१५ मध्ये आकडे आले: पहिल्या गटात लांबचं न दिसण्याचा दोष ३०.४ टक्के मुलांना जडला, दुसऱ्यात ३९.५ टक्के. वर्गात उजेड असतो काहीशे लक्स, बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या अनेक पट. मोबाइलच्या निळ्या प्रकाशानं डोळे जळतात ही भीती फुकाची. आभाळापुढे तो प्रकाश काहीच नाही. रात्री झोप लांबवतो, तेवढं त्याचं नुकसान खरं. खरी चिंता वाटते ती सकाळची शिकवणी, दिवसभर शाळा आणि संध्याकाळी पुन्हा शिकवणी अशा चक्रात ऊनच न पाहणाऱ्या मुलांची. ज्या जिल्ह्यात मजुरांची नजर उन्हानं झिजते, तिथं मुलांचे डोळे उन्हावाचून बिघडावेत, हे फार चटका लावणारं आहे.

उजेड कमी झाला की माणसाची स्वतःची ओळखही डळमळते. ‘रात्री आरशात पाहू नये’ असं घरोघरी सांगतात. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाच्या जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना मंद दिव्यात दहा मिनिटं आरशासमोर बसवलं. मिनिटभरातच चेहरा बदलायला लागला. ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर विद्रूप दिसला, काहींना त्याजागी आईचा किंवा वडिलांचा चेहरा दिसला. अपुऱ्या उजेडात स्थिर नजरेनं पाहिलं की डोळा तपशील गाळतो आणि मेंदू रिकाम्या जागा आपल्या पदरचं घालून भरतो. वडीलधाऱ्यांच्या त्या सांगण्यामागे अशा अनुभवांची आठवण असू शकेल.

नजर गेलेल्या माणसाच्या बाबतीत हेच भर दिवसा घडतं. जिनिव्हाचे शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं: नजर जवळपास गेलेली, डोकं पूर्ण शाबूत, आणि तरी त्यांना माणसं, पक्षी, गाड्या दिसत. बोने यांच्याच नावानं हा विकार आता ओळखला जातो. आपल्याकडच्या कुणा आजीला भिंतीवर रंगीत फुलं दिसू लागली किंवा अंगणात अनोळखी बायका उभ्या दिसल्या, तर ती कुणाला सांगत नाही. सांगितलं तर घरचे बाहेरची बाधा म्हणतील, नाहीतर वेड लागलं म्हणतील. ती मुकाट्यानं स्वतःच्या शहाणपणावर संशय घेत बसते. हे वेड नाही. प्रकाश न पोचलेला मेंदू आपली चित्रं आपणच काढतो. नजर परत आणता आली तर ती चित्रं बहुधा जातात, आणि नाही आणता आली तरी ‘आजी, असं पुष्कळांना होतं’ एवढ्या बोलण्यानं तिच्या जिवावरचं मोठं ओझं उतरतं.

नजर बहुतेकदा परत आणता येते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या आंधळेपणाचं कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदू निघालं, आणि मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवता येतं. लंडनचे हॅरॉल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचे डोळे तपासताना पाहिलं होतं, की विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा ते सोसतो. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी १९४९ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. १९९२ पासून मदुराईत अशी भिंगं स्वस्तात बनू लागली आणि गरिबाच्या डोळ्याला ती परवडली. मराठवाड्यात हे काम एका माणसाच्या नावाशी जोडलं गेलं आहे: लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने. आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर जगत त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले. आनंदवनातल्या कुष्ठरोग्यांचे डोळेही त्यांनी तिथं जाऊन उजळले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पट्टी निघाल्यावर बायका आरशात पाहून ‘मी एवढी म्हातारी कधी झाले?’ असं विचारतात, हे नेत्ररुग्णालयांत नेहमीचंच. मनातला स्वतःचा चेहरा जिथं नजर अंधुक झाली तिथंच थांबलेला असतो. पण त्याच नजरेत लुगड्याचा हरवलेला निळा रंग परत येतो, नातवाच्या कानातली भिकबाळी दिसते, आणि पहिला धक्का मागे पडतो.

असं असूनही पुष्कळ डोळे तसेच राहतात, ते दोन जुन्या समजुतींपायी. एक, ‘अजून पिकला नाही’. मोतीबिंदू फळासारखा पिकू द्यायची गरज जुन्या पद्धतीत होती, आता नाही. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, असह्य दुखतं आणि नजर कायमची जाऊ शकते. दुसरी, ‘ऑपरेशन थंडीतच करायचं’. घाम आणि धूळ नको म्हणून पूर्वी शिबिरं हिवाळ्यात भरत. माजलगाव, धारूर, वडवणीच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं नेमकी त्याच महिन्यांत फडात असतात. सर्वांत जास्त ऊन ज्यांच्या डोळ्यांत गेलं, तेच थंडीत गावात नसतात. गावात उरतात ती त्यांची लहान मुलं सांभाळणारी म्हातारी माणसं, ज्यांना दवाखान्यात नेणारं घरात कुणी नसतं.

आजच्या छोट्या छेदाच्या ऑपरेशनला ऋतूचं बंधन नाही. माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, महिनाभर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही, वाकून ओझं उचलायचं नाही. तोडकरी पाडव्याच्या आसपास गावी परततात आणि दसऱ्यानंतर पुन्हा निघतात. मधल्या सहा महिन्यांत पेरणी आणि खुरपणी सोडूनही निवांत आठवडे असतात. तालुक्याच्या गावी तेव्हा तपासणी ठेवली आणि ज्यांना गरज आहे त्यांना बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात न्यायला एक गाडी केली, तर मुकादमाची गाडी दारात येण्याआधी थेंब संपलेले असतील.